रेघ मशीनला कशी दिसते: रेडियम कटर आणि प्लाझ्मासाठी फाइल काढताना

प्रश्न दर्यापूर तालुक्यातल्या एका तरुणाचा आहे. त्याचं रेडियम-फ्लेक्सचं दुकान आहे आणि दिवाळीनंतर त्यानं भावासोबत भागीत प्लाझ्मा टेबल, म्हणजे विजेच्या आर्कनं पत्रा कापणारं मशीन, घेतलं. तो लिहितो: "भाऊ, कोरलमधून काढलेली डीएक्सएफ प्लाझ्माच्या सॉफ्टवेअरात उघडली की कधी राईएवढी दिसते, कधी टेबलाच्या बाहेर जाते. गोल भोकं कोनाकोनाची येतात. काही ठिकाणी टॉर्च एकाच रेघेवर दोनदा फिरतो. आणि रेडियममध्ये मराठी नाव कापलं की वरची रेघ तुकड्या-तुकड्यात निघते. एक्सपोर्टची बरोबर सेटिंग कोणती? पीएलटी काढू की डीएक्सएफ?" (कोरल म्हणजे कोरलड्रॉ. पीएलटी आणि डीएक्सएफ हे रेघांची फाइल काढायचे दोन प्रकार. टॉर्च म्हणजे प्लाझ्माचं कापणारं तोंड.)

सेटिंग सांगतोच, पण तुझ्या चार तक्रारींपैकी लहान-मोठं होण्याची तेवढीच निव्वळ एक्सपोर्टची आहे. गोलाची निम्मी एक्सपोर्टची, निम्मी ड्रॉइंगची. उरलेल्या दोन एक्सपोर्टच्या खिडकीत कितीही टिचक्या मारल्यास तरी जाणार नाहीत, कारण त्या आधीच चित्रात बसलेल्या आहेत. आपल्याला स्क्रीनवर 'ग' दिसतो. मशीनला 'ग' दिसत नाही. तिला एवढंच कळतं की इथून उचल, तिथे टेक, अमुक जागेपर्यंत ओढत ने.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर कोरलमध्ये १०० मिमीचा एक चौकोन काढ, पीएलटी म्हणून एक्सपोर्ट कर आणि ती फाइल नोटपॅडमध्ये उघड. आत चित्र नसतं, चार-पाच ओळींचा मजकूर असतो. 'पीयू' म्हणजे पेन वर, 'पीडी' म्हणजे पेन खाली, आणि त्यांच्यापुढे आकड्यांच्या जोड्या. चौकोनाची बाजू तिथे १०० नाही, ४००० दिसेल. ही भाषा ह्युलेट-पॅकार्डनं आपल्या पेन प्लॉटरसाठी केली, नाव एचपीजीएल, आणि तिचं सगळ्यात लहान माप ०.०२५ मिमी. म्हणजे एका मिलिमीटरचे ४० भाग, एका इंचाचे १०१६. सुरुवातीला 'एसपी१' असंही दिसेल. त्याचा अर्थ एक नंबरचा पेन उचल. पेनाच्या जागी सुरी आली, पण तुझा रेडियमचा प्लॉटर अजूनही स्वतःला पेनवालाच समजतो.

आता त्या मजकुरात मोज. चौकोनाला एकदा टेकणं आणि चार बाजू, बस. आठ बाजू दिसल्या तर चौकोनावर चौकोन बसलेला आहे. स्क्रीनवर ते कधीच दिसत नाही.

पीएलटी की डीएक्सएफ, याचं उत्तर सरळ आहे. रेडियमला पीएलटी, नाहीतर कटरच्या सॉफ्टवेअरातून थेट. प्लाझ्माला डीएक्सएफ, आणि ती थेट मशीनला नाही: मध्ये शीटकॅमसारखं एखादं सॉफ्टवेअर पाहिजे, जे कापाची रुंदी, सुरुवातीची शेपटी (काप सुरू करायची छोटी जास्तीची रेघ) आणि क्रम लावून जी-कोड, म्हणजे मशीनला द्यायचे हुकूम, काढून देतं. पीएलटी काढताना कोरल वक्राचे बारीक सरळ तुकडे करतं. रेडियमच्या सुरीला त्यानं फरक पडत नाही, प्लाझ्माला पडतो.

आता माप. डीएक्सएफ ही ऑटोडेस्कची, १९८२ साली ऑटोकॅडसोबत आली. तिच्यात आकडा नुसता आकडा असतो. १०० लिहिलं की १००. मिलिमीटर की इंच ते वाचणाऱ्यानं ठरवायचं. पुढे फाइलच्या डोक्यावर एककाची एक नोंद आली (१ म्हणजे इंच, ४ म्हणजे मिमी, ० म्हणजे काहीच ठरवलेलं नाही), पण ती बरेच प्रोग्रॅम वाचत नाहीत, आणि काही जण लिहीतही नाहीत. म्हणून एक्सपोर्ट करताना एकक मिलिमीटर निवड आणि समोरच्या सॉफ्टवेअरात उघडतानाही मिलिमीटरच निवड. दोन्हीकडे. एकीकडेच केलंस तर अर्धं काम झालं.

तरीही माप चुकलं तर घाबरून अंदाजे मोठं-लहान करत बसू नकोस. भागाकार कर, आलेलं माप भागिले पाहिजे असलेलं माप. उत्तर २५.४ च्या आसपास किंवा त्याच्या उलट आलं तर इंच-मिमीचा घोळ. १० आलं तर सेंटिमीटर. २.८३ आलं तर कोणीतरी पॉइंटमध्ये काम केलंय, कारण एका इंचात ७२ पॉइंट असतात. ३.७८ आलं तर पिक्सेल. आणि १.०६७ किंवा ०.९३७५ असं विचित्र काही आलं तर फाइल इंकस्केपच्या जुन्या आवृत्तीतून आली असणार. तिथे एका इंचाला ९० पिक्सेल धरायचे, ०.९२ पासून ९६ धरायला लागले. हा फरक सगळ्यात घातकी. पंचवीस पट चूक आंधळ्यालाही दिसते, सहा टक्क्यांची चूक थेट वेल्डिंगच्या टेबलावर दिसते, तेव्हा पत्रा कापून झालेला असतो.

रेडियमच्या बाजूला याचा धाकटा भाऊ आहे. कुठे १०१६ च्या जागी १००० भाग लावलेले असतील तर एक मीटरची पट्टी १०१६ मिमी येते किंवा ९८४. नावं कापेपर्यंत कळत नाही. ट्रॉलीच्या मागच्या फळक्याची दोन टोकं जुळवायला गेलास की कळतं.

माझी सवय अशी: प्रत्येक फाइलच्या कोपऱ्यात १०० मिमीचा एक चौकोन वेगळ्या लेयरवर. पुढच्या सॉफ्टवेअरात उघडलं की आधी तो मोजायचा, मग उडवायचा. एकदा उडवायचा राहिला आणि १० मिमी प्लेटीतून सुबक चौकोन निघाला. तो अजून टेबलावर कागद दाबायला आहे.

दुहेरी रेघेकडे येतो. कोरलमध्ये नंबरांच्या बाजूचं अधिकचं चिन्ह दाबलं की वस्तूची कॉपी जागच्या जागी पडते. हात लागला की झालं, कळतही नाही. सगळं सिलेक्ट करून खालच्या पट्टीत किती वस्तू लिहून येतात ते बघ. तुला बारा माहीत असतील आणि तिथे तेरा दिसले तर शोध. ऑटोकॅडमध्ये 'ओव्हरकिल' कमांड हे काम करते. दुसरं कारण म्हणजे ग्राहकानं व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो ट्रेस करणं, म्हणजे सॉफ्टवेअरकडून फोटोच्या रेघा काढून घेणं. फोटोतली काळी रेघ दोन मिमी जाड असते, ट्रेसला तिच्या दोन्ही काठांवर वेगवेगळ्या रेघा मिळतात. जाड आउटलाइनचा ऑब्जेक्ट केला तरी तेच. कापायला फक्त रेघेचा मध्य लागतो, जाडी नाही. म्हणून कटिंगच्या फाइलमध्ये फिल नको, जाड आउटलाइन नको, सगळं हेअरलाइन, म्हणजे सगळ्यात बारीक रेघ.

रेडियममध्ये दुहेरी रेघेनं फार तर कागद फाटतो. प्लाझ्मात मात्र टॉर्च दुसऱ्यांदा त्याच चिरेवरून जातो तेव्हा खाली धातूच नसतो. आर्क लांबतो, व्होल्टेज वाढतं, आणि उंची सांभाळणारी यंत्रणा समजते की टॉर्च फार वर गेला. ती त्याला खाली ढकलते. नोझल पत्र्यावर आदळतं. दोनशे-तीनशेचं नोझल गेलं तर नशीब समजायचं, टॉर्च वाकला तर नागपूरची चक्कर.

आता मराठी अक्षरं. याबद्दल इंग्रजी व्हिडिओत काही मिळणार नाही, कारण त्यांच्या अक्षरांना शिरोरेखा नाही.

फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आपापल्या डोक्यावर शिरोरेखेचा तुकडा घेऊन येतं. शेजारच्या अक्षराचा तुकडा त्यावर किंचित चढलेला असतो, म्हणून डोळ्याला ती सलग दिसते. सुरीला ती सलग नाही. ती प्रत्येक अक्षर पूर्ण फिरते, म्हणजे दोन अक्षरांच्या मध्ये शिरोरेखेला उभे काप पडतात. फालतू रेडियम सोलायला घेतलं की मग 'जय जवान'ची वरची रेघ बिस्किटासारखी निघते. उपाय दोन पायऱ्यांचा. अक्षर लिहून झालं की कंट्रोल-क्यू, म्हणजे कर्व्ह. मग सगळं सिलेक्ट करून वेल्ड, म्हणजे एकमेकांवर चढलेले आकार जोडून एकच आकार. वेल्ड म्हणजे वेल्डच. त्याच्या शेजारी कंबाइन असतं, ते दाबू नकोस. कंबाइननं जिथे एकावर एक चढलंय तिथे भोक पडतं, आणि शिरोरेखेत बारीक बारीक खिडक्या तयार होतात. वेल्ड झाल्यावर वायरफ्रेममध्ये, म्हणजे नुसत्या रेघा दाखवणाऱ्या व्ह्यूमध्ये, बघ. शिरोरेखेच्या आत एकही आडवी-उभी रेघ दिसता कामा नये. मात्रा, रफार, जोडाक्षरं इथे थोडं जास्त झूम कर. काही फॉन्टात मात्रा शिरोरेखेला टेकतच नाही, केसाएवढी फट असते, आणि वेल्डला चिकटवायला काही सापडत नाही. ती मात्रा थोडी खाली ओढून मग वेल्ड.

कर्व्ह केल्याचा दुसरा फायदा असा की जुना, युनिकोड नसलेला फॉन्ट ज्या कॉम्प्युटरवर नसेल तिथे 'विठ्ठल'चं काहीही होतं. कर्व्ह झालं की फॉन्टची गरजच संपते. पण मूळ फाइल कर्व्ह न करता वेगळी ठेव. पुढच्या पोळ्याला तोच माणूस येतो आणि म्हणतो, "फक्त गावाचं नाव बदलून दे."

प्लाझ्मात अक्षरांचं गणित उलटं होतं. पत्र्यातून अक्षर बाहेर काढून लावायचं असेल तर शिरोरेखा आपल्या फायद्याची, कारण सगळा शब्द एका तुकड्यात राहतो. अनुस्वार तेवढा सुटा पडतो. पण गेटमध्ये अक्षराची जाळी करायची असेल, म्हणजे अक्षर हीच पोकळी, तर अक्षराच्या आत बंद झालेला प्रत्येक तुकडा खाली पडतो. हे मी शिकलो ते शेगावला दर गुरुवारी जाणाऱ्या एका संत्रावाल्याच्या गेटवर. त्याला ३ मिमी पत्र्यात 'गण गण गणात बोते' पाहिजे होतं. मी लिहिलं, वेल्ड केलं, सगळं नियमानं. मशीन चालू करून चहाला गेलो. परत आलो तर टेबलाखालच्या पाण्यात पाच तुकडे. 'ग' मोकळा असतो, 'त' मोकळा असतो. 'ण'ची वाटी वरून शिरोरेखेनं बंद होते, ते तीन तुकडे. 'ब'चं पोट आडव्या रेघेनं दोन भागांत, ते दोन. तो माणूस गेटाकडे बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "भाऊ, हे 'ण' जेवून आले काय? पोट भरलं न त्याह्यचं." पत्रा माझ्या पदरात पडला.

तेव्हापासून जाळीच्या कामात मी अक्षर लिहिल्यावर पेनानं कागदावर बंद तुकडे मोजतो. 'व', 'ब', 'क', 'प', 'ष', 'म', 'भ'... फॉन्टनुसार बदलतं, म्हणून पाठांतरावर जाऊ नकोस. प्रत्येक बंद तुकड्याला पूल द्यायचा. ३ मिमी पत्र्याला मी ५ मिमीचा ठेवतो, आणि शक्यतो दोन, समोरासमोर. एकाच पुलावर लोंबणारा तुकडा उष्णतेनं वाकतो आणि पुढच्या फेरीत टॉर्चला आडवा येतो. पूल उभा द्यायचा, लेखणीच्या ओघात. आडवा दिला की अक्षर तुटल्यासारखं वाचतं. पूल चित्रात काढताना मात्र अक्षराच्या रेघा हातानं एकेक तोडत बसू नकोस: पुलाचा आयत अक्षरावर ठेव आणि शेपिंगमधल्या ट्रिमनं अक्षरातून तो वजा कर. कडा आपोआप बंद राहतात.

कडा बंद राहणं इतकं महत्त्वाचं का? कारण रेघ बंद नसेल तर सॉफ्टवेअरला आत कुठलं आणि बाहेर कुठलं तेच कळत नाही. प्लाझ्माचा काप दीड-दोन मिमी रुंद असतो, तो रेघेच्या कोणत्या बाजूला सरकवायचा हे आत-बाहेरवर ठरतं. डोळ्याला बंद दिसणाऱ्या कोपऱ्यात ०.०२ मिमीची फट असली तरी ती उघडीच. ऑटोकॅडमध्ये पीएडिटनं सगळ्या रेघा एकदम घेऊन जॉइन करायच्या आणि फझ अंतर, म्हणजे किती फटीपर्यंत जोडायचं ते, ०.१ द्यायचं. आणि कधी कधी दोन रेघा अगदी टेकूनही जुळत नाहीत. तेव्हा एक जमिनीवर आणि दुसरी हवेत असते, कोणीतरी थ्रीडी फाइलमधून उचललेली. फ्लॅटन मार, सगळ्या एका पातळीवर येतात.

गोल भोकांचं आता सांगतो. कोरलमधला गोल कर्व्ह केला की चार वक्र तुकड्यांचा होतो. डीएक्सएफमध्ये जाताना तो खरा गोल म्हणून जाईलच असं नाही, पुष्कळदा सरळ तुकड्यांची साखळी होते. ती साखळी किती जाड-बारीक, यावर कोन दिसणं ठरतं. ६०० मिमी व्यासाच्या चक्राला ३६ तुकडे पडले तर प्रत्येक तुकडा खऱ्या गोलापासून मध्यभागी १.१ मिमीच्या जवळपास आत बसतो. हाताला लागतं ते. तीच चूक ०.०५ मिमीवर आणायची तर साधारण १७२ तुकडे लागतात. मग वाटतं, टाकू की दहा हजार तुकडे! तेही नको. मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरला प्रत्येक तुकडा म्हणजे एक हुकूम. अर्ध्या-पाव मिमीचे हुकूम एकामागे एक आले की टॉर्च अडखळत चालतो, वेग पडतो, आणि वेग पडला की खाली स्लॅगचे, म्हणजे वितळून चिकटलेल्या धातूचे, गोळे. ट्रेस केलेल्या मोराच्या पिसाऱ्यात हमखास हे होतं. नोड (रेघेवरचे जोडाचे ठिपके) कमी कर, मग एक्सपोर्ट कर.

बोल्टची भोकं, चाकं, फ्लँज, जिथे माप महत्त्वाचं आहे, ती मी कोरलमध्ये काढतच नाही. लिबरकॅड फुकट आहे, त्यात काढ. तिथला गोल डीएक्सएफमध्ये गोलच राहतो आणि जी-कोडमध्ये जी२ किंवा जी३ अशा एका ओळीत जातो. मशीन मग सलग फिरते. नक्षी कोरलची, माप कॅडचं, दोन्ही शेवटी एका फाइलमध्ये एकत्र.

डीएक्सएफची आवृत्ती विचारली तर आर१२ निवड. १९९२ ची आहे, जुनी आहे, म्हणूनच चांगली. तिच्यात स्प्लाइन (मोकळ्या वळणाची रेघ) आणि लंबगोल या वस्तूच नाहीत, त्या पुढच्या आवृत्तीत आल्या. त्यामुळे ऑटोकॅड आर१२ मध्ये सेव्ह करताना त्यांच्या पॉलिलाइन (जोडलेल्या तुकड्यांच्या रेघा) करूनच देतं, आणि स्वस्तातल्या प्रोग्रॅमांना स्प्लाइन दिसत नाही हा प्रश्नच राहत नाही. अर्धी नक्षी गायब झाली अशी तक्रार घेऊन पोट्टे येतात, ती नव्वदीनंतरच्या या स्प्लाइनचीच असते. सेव्ह केल्यावर फाइल पुन्हा उघडून वक्र गुळगुळीत आहे का बघ, एवढंच.

कापाची रुंदी एकदाच वजा करायची. हे तुला कोणी सांगणार नाही आणि सगळे इथेच मार खातात. ड्रॉइंग खऱ्या मापाचं ठेव. रुंदीची भरपाई शीटकॅमवर सोड आणि कंट्रोलरवरची बंद कर. दोन्ही चालू राहिल्या तर भाग दीड मिमीनं मोठा येतो आणि तू रात्रभर युनिट तपासत बसतोस. रुंदी किती धरायची ते मोजून काढ: भरपाई बंद करून १०० मिमीचा चौकोन काप आणि व्हर्नियर लाव. ९८.४ आला तर तुझा काप १.६ मिमी. प्लेटची जाडी, अँपिअर किंवा नोझल बदललं की पुन्हा. भिंतीवर खडूनं तक्ता लिहून ठेव, मोबाइलमध्ये सापडत नाही.

डवऱ्याची पास आणि तिफणीचे दाते धरायच्या पट्ट्या आम्ही ८ मिमीत कापतो. बाहेरचा आकार प्लाझ्मानं सुरेख येतो. बोल्टची भोकं मी प्लाझ्मानं पाडत नाही. भोकाचा व्यास प्लेटच्या जाडीएवढा किंवा त्याच्या आसपास आला की भोक वरून रुंद, खालून अरुंद असं नरसाळं होतं, आणि काठ कडक झाल्यामुळे नंतर ड्रिलही घसरतं. त्यापेक्षा वेगळ्या लेयरवर ठिपका दे. टॉर्च तिथे क्षणभर टेकून खूण करतो, मग ड्रिल. शेतकऱ्याला बोल्ट हातानं बसला पाहिजे, त्याच्याकडे बांधावर कानस नसते.

कापायची दिशाही असते. प्लाझ्माचा गॅस फिरत येतो, त्यामुळे टॉर्च ज्या दिशेला चालला आहे त्याच्या उजव्या हाताची कड सरळ येते आणि डाव्या हाताची तिरपी. म्हणून बाहेरचा आकार घड्याळाच्या दिशेनं, आतली भोकं उलट दिशेनं. रेघा बंद असतील तर शीटकॅम हे स्वतः लावतं. पण कंट्रोलरवर मिरर केलंस तर दिशाही उलटते आणि तिरपी कड नेमकी कामाच्या भागावर येते. मिरर करायचंच असेल तर ड्रॉइंगमध्ये कर, मशीनवर नको.

रेडियमच्या सुरीचं एवढंच सांगतो की तिचं टोक दांड्याच्या मध्यापासून थोडं मागे असतं, साधारण पाव मिलिमीटर. हा आकडा कटरमध्ये बरोबर नसेल तर कोपरे गोल येतात किंवा शेंड्याला गाठ पडते, आणि दोष फाइलला जातो. सुरी बदलली की चौकोन आणि त्रिकोण कापून बघ. मे महिन्यात दुपारी रेडियम कापू नकोस. टिनाच्या शेडमध्ये गोंद मऊ होतो, कापलेली रेघ मागे पुन्हा चिकटते आणि तुला वाटतं सुरी बोथट झाली.

उन्हावरून आठवलं. पोलाद एका अंशाला मीटरमागे साधारण ०.०१२ मिमी वाढतं. उन्हात पडलेली अडीच मीटरची शीट सावलीतल्यापेक्षा २५ अंश जास्त तापलेली असेल तर पाऊण मिलिमीटर लांब. गेटला काही होत नाही. पण दोन लांब पट्ट्यांची भोकं एकमेकांवर बसायची असतील, आणि एक पट्टी सकाळी कापली, दुसरी दुपारी उन्हातून ओढून आणलेल्या शीटमधून, तर शेवटचा बोल्ट जात नाही. फाइल तीच असते.

काम बाहेर लेझरवाल्याकडे पाठवायचं असेल तर फाइलमध्ये कापायच्या रेघा सोडून काहीही ठेवू नकोस. मापाच्या रेघा, मधली तुटक रेघ, नावाची चौकट, सगळं काढ. मी एकदा मापांसकट पाठवली होती आणि समोरच्यानं न बघता लावली. '२४०' हा आकडा पत्र्यात सुंदर कोरून आला. माप आणि जाडी वेगळ्या पीडीएफमध्ये दे. आणि ले-आउटवाल्या सर्व्हेयरच्या ड्रॉइंगमधून काही उचललं असेल तर ते आधी शून्यावर आण. त्यांचं उत्तरेकडचं माप आपल्या भागात २२-२३ लाख मीटर असतं. मशीन म्हणते टेबल संपलं, आणि तिचं बरोबरच असतं.

कागदावर एकास एक फर्मा काढून पत्र्यावर चिकटवायचा असेल तर प्लॉटरवाल्याला 'फिट टू पेज' बंद करायला सांग आणि ड्रॉइंगमध्ये ५०० मिमीच्या दोन रेघा टाक, एक आडवी, एक उभी. कागद सरकण्याची दिशा आणि हेड फिरण्याची दिशा यांत चूक वेगवेगळी असते, म्हणून एक रेघ पुरत नाही.

शेवटी पेनड्राइव्ह आणि लाइट. फाइलचं नाव लहान ठेव, इंग्रजी अक्षरं आणि आकडे, मराठी नको, मध्ये जागा नको. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला. जी-कोडच्या पहिल्या काही ओळींत जी२१ आहे ना ते बघ, तो मिलिमीटरचा हुकूम. जी२० असेल तर इंच, आणि तुझं राईचं दुखणं परत येईल. शीटकॅममधला पोस्ट-प्रोसेसर (जी-कोड मशीनच्या बोलीत लिहिणारा भाग) तुझ्या कंट्रोलरचाच निवड, प्रत्येकाची बोली थोडी वेगळी असते.

थ्री-फेज कधी जाईल याचा आपल्याकडे नेम नाही. पूर्ण शीटची सगळी भोकं आधी आणि सगळ्या बाहेरच्या कडा शेवटी, असा क्रम शीटकॅम देतं, आणि जिथे लाइट जात नाही तिथे तो ठीकही आहे. मी एकेका भागाचा क्रम लावतो: त्याची भोकं, मग त्याचीच बाहेरची कड, मग पुढचा भाग. टॉर्चची ये-जा वाढते, पण लाइट गेली तर एकच भाग अर्धा राहतो. कंट्रोलर थांबलेली जागा लक्षात ठेवतो, तेवढ्यावर विसंबू नकोस, कारण अंधारात कोणाचा तरी हात गँट्रीला, म्हणजे टॉर्च धरणाऱ्या सरकत्या आडव्या दांड्याला, लागतोच. आमच्या टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात क्लॅम्पखाली पंचनं केलेला ठिपका आहे. प्रोग्रॅमचं शून्य नेहमी तिथेच. लाइट आली की टॉर्च आधी त्या ठिपक्यावर आणायचा, जुळला तर पुढे चालू, नाही जुळला तर शून्य पुन्हा लावायचं.